डावीकडचा डबा

१

सातुर्निनो स्टिअरिंगवरून उठून खाली उतरला की बस हुश्श करून जरा वर येते, अशी त्याच्या मार्गावरच्या कंडक्टरांमध्ये थट्टा होती. घरी पलंगाचीही तीच गत. त्याच्या बाजूला गादीला असा खड्डा पडला होता की ओर्फेलिंदा कुठेही झोपली तरी सकाळी त्याच्या बरगड्यांना चिकटलेली सापडायची. झोपायला आला की तो म्हणायचा, "सरक गं, म्हातारे." ती म्हणायची, "आणखी कुठे सरकू, जाड्या? भिंतीत?" मग तो आडवा व्हायचा, गादी खचायची आणि ती घरंगळत त्याच्याकडे जायची. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटलं ते डॉक्टरीणबाईंना. त्यांनी सातुर्निनोला काट्यावर उभं केलं, छातीला नळी लावली आणि कागदावर काहीबाही लिहीत म्हणाल्या, "ड्रायव्हरसाहेब, वजन उतरवा. नाहीतर यंदाचं नाताळचं जेवण घरचे तुमच्याशिवाय जेवतील."

सातुर्निनो हसला. ओर्फेलिंदाला हसू आलं नाही. तिचा बाप असाच हसत हसत ताटावरून उठताना गेला होता, आणि पुढे कितीतरी दिवस तिची आई त्याचं ताट मांडत राहिली होती. टेकडी चढून घरी येईपर्यंत तिने मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस मी जाऊ द्यायची नाही.

"तुझ्यासाठी जिम बघते," ती म्हणाली.

"तिथं सगळी पोरं आरशात स्वतःचे दंड बघत बसलेली असतात. त्यांच्यात मी गेलो तर मला समुद्रसिंह समजून मासे टाकतील."

"मग जिमच घरी आणू."

लिमाच्या त्या टेकडीवर एकही घर पुरं झालेलं नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यावर पुढच्या मजल्याच्या सळया उभ्या, गंजू नयेत म्हणून त्यांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या. ओर्फेलिंदाच्याही घरावर त्याच हिवाळ्यात नवा स्लॅब पडायचा होता. वरचा मजला मुलीचा, यानेतचा. पण यानेत नोकरीला दूर अरेकिपाला, तिच्या लग्नाचं अजून कशात काही नाही. तोवर ती गच्ची मोकळीच राहणार होती.

शिवणकामाचा टेप घेऊन ओर्फेलिंदा अंगणात बसली आणि तिने खडूने फरशीवर गच्ची आखली. इथे बाक, इथे आरसा, इथे दोरी, इथे पाऊसधुक्याला आडोसा म्हणून पत्रा. भंगारातल्या बसचं एक सीट सातुर्निनो घेऊन आला, त्याचा बाक होणार होता. बंद पडलेल्या सलूनचा आरसा मिळाला. दांड्याला पाण्याचा जाड पाइप. राहता राहिली वजनं.

"ती कशाला विकत आणायची?" ओर्फेलिंदा म्हणाली. "स्लॅबचा माल उरतोच की." आणि तिने रंगाचे दोन मोठे रिकामे डबे घासून उन्हात ठेवले. ऊन कसलं म्हणा, लिमाच्या हिवाळ्यात आभाळ गाढवाच्या पोटासारखं राखाडीच असतं. डबे ओलेच राहिले.

२

स्लॅबच्या रविवारी सगळी गल्ली लोटली. खाली मिक्सर गरगरत होता, फळीवरून माणसांची रांग खांद्यावर माल वाहत होती, अंगणात डुकराचं मटण रटरटत होतं आणि बिअरची बाटली एकाच पेल्यासह हातोहात फिरत होती. सगळ्यांवर ओरडायचं काम एर्मोहेनेसकडे. तो गवंडी होता, सातुर्निनोचा जुना मित्र होता आणि यानेतचा बाप्तिस्म्याचा धर्मपिताही होता, म्हणून तो आणि हे नवराबायको एकमेकांना 'कोंपाद्रे' आणि 'कोमाद्रे' म्हणत. या स्लॅबचा धर्मपिताही तोच.

एर्मोहेनेसची डोंगरातल्या गावाकडून आणलेली एक रीत होती. स्लॅबचं शेवटचं घमेलं ओतायच्या आधी घरधन्याच्या मानेवरची केसांची बट कापून त्या मालात घालायची आणि दोन शब्द बोलायचे. गल्लीतले बाकीचे गवंडी असलं काही करत नसत. पण एर्मोहेनेसच्या एकाही स्लॅबला भूकंपात तडा गेलेला नव्हता, त्यामुळे कोणी हसतही नसे.

"केस घे, पण टक्कल पाडू नकोस," सातुर्निनो मान वाकवत म्हणाला.

"टक्कल देवानेच पाडलंय, कोंपाद्रे. मी मागचं गोळा करतोय."

सगळ्यांनी टोप्या काढल्या. एर्मोहेनेसने बट मालात घातली, थापीने ढवळली आणि घमेल्याशी अगदी तोंड नेऊन म्हणाला, "हा तुझा माणूस. याला धरून ठेव."

आणि मग तो घमेलं घेऊन तसाच उभा राहिला. कारण स्लॅब केव्हाच भरून झाला होता. पोरांनी उत्साहाच्या भरात कडेपर्यंत सपाट करून वर झाडूही मारला होता. दोन पेले जास्त झालेला एर्मोहेनेस इकडे तिकडे बघू लागला.

ओर्फेलिंदा कोपऱ्यात आपले डबे घेऊन बसली होती. मधोमध पाइपचे तुकडे उभे धरून तिचे हात दुखायला लागले होते. "अहो कोंपाद्रे, असे काय उभे? इकडे ओता, माझे डबे रिकामे आहेत!"

त्याने ओतलं. आधी डावीकडच्यात, उरलेलं उजवीकडच्यात. तेवढ्यात फटाके लागले, फुलांचा क्रूस वर चढला, त्यावर बाटली फुटली आणि सगळे आरडाओरडा करत जेवायला पळाले. डब्यांवरून थापी फिरवताना डावीकडच्या डब्यात वर आलेली केसांची दोन टोकं ओर्फेलिंदाला दिसली. दिसायला बरं दिसेना, म्हणून तिने ती अंगठ्याने आत दाबली.

३

माल वाळला, सेंट्रिंग निघालं आणि जिम उभी राहिली. खडूत आखली होती तशीच. पत्र्याखाली बाक, भिंतीला आरसा, एका सळईला बांधलेली दोरी आणि डबे अडकवलेला दांडा. गच्चीवर राहणारा कुत्रा ओसो सगळ्याचा वास घेऊन आला आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या टायरवर मुतून त्याने आपली संमती दिली.

सातुर्निनो संध्याकाळी बस लावून आला की चहा पिऊन वर जायचा. पहिले काही दिवस त्याने नुसत्या शिव्या उचलल्या, वजन नाही. मग जमायला लागलं. खाली स्वयंपाकघरात ओर्फेलिंदाला छतातून सगळं ऐकू यायचं. त्याचं कण्हणं, दांडा खाली ठेवल्याचा धप्प आवाज, मग ओसोशी गप्पा. त्या धप्पने भांडी किणकिणायची आणि तिला बरं वाटायचं.

"दांडा डावीकडे झुकतो गं," एक दिवस तो म्हणाला. "तुझा एक डबा जड झालाय."

"एकाच घमेल्यातले आहेत."

एर्मोहेनेस जेवायला आला तेव्हा तिने त्याला विचारलं. खडी एकीकडे जास्त गेली असेल, तो म्हणाला. ओल धरली असेल. असं होतं कधीकधी. सातुर्निनोने पकड थोडी डावीकडे सरकवली आणि काम चालू ठेवलं. महिनाभराने त्याला ती आणखी सरकवावी लागली.

पण काटा उतरत होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. सातुर्निनो बाजारभर सांगत सुटला. ओर्फेलिंदाचा बाजारात फळांच्या रसाचा गाळा होता, तिथे येऊन तो सगळ्यांदेखत पपईच्या काट्यावर बसायची धमकी द्यायचा. बायका हसायच्या.

त्याच्या विजारींना इस्त्री ओर्फेलिंदा करत असे. म्हणून ती गोष्ट फक्त तिच्याच लक्षात आली. पट्ट्याचं भोक तेच होतं. कमरेवरचं बटण पूर्वीसारखंच ताणलेलं होतं. पोट जागच्या जागी होतं, मानेवरची वळी होती, गाल होते. काट्यावरून एवढं उतरलेलं वजन अंगावरून मात्र कुठूनच गेलेलं नव्हतं.

चरबीचं मांस झालं असेल, तिने स्वतःला समजावलं. पण मांस जड असतं, हे बाजारात बसणाऱ्या बाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि तिने इस्त्री जरा जोरात दाबली.

४

अंगणातून गच्चीवर जाणारा जिना लाकडी होता आणि त्याची प्रत्येक पायरी वेगळं रडायची. सातुर्निनो चढायला लागला की ओर्फेलिंदाला पाठमोरी असूनही कळायचं तो कुठवर पोचला ते. पहिली पायरी कुरकुरायची, मधली कण्हायची आणि वरून दुसरीवर तो दम खायला थांबायचा, तेव्हा सगळा जिना एकदम आऽऽह करायचा. उतरतानाही तिथेच थांबायचा. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी तिने नेहमीसारखी दारातून हाक दिली, "खाली ये रे, जाड्या! जेवण गार होतंय!"

"आलोय की," तो मागून म्हणाला.

तो टेबलाशी बसून पाव मोडत होता. तिच्या हातातला डाव पडला.

"कधी उतरलास?"

"मघाशीच. तुझ्या बाजूने तर गेलो."

वजन उतरलं की पाऊल हलकं होणारच, असं कोणीही म्हटलं असतं. तिनेही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने जिना चढून पाहिला. जिना तिच्या पायाखाली कुरकुरला. तिच्यामागून ओसो आला, त्याच्या चार पायांखालीही कुरकुरला.

वर धुकं होतं. शेजारच्या गच्च्या दिसत नव्हत्या, फक्त सळयांवरच्या बाटल्या दिसत होत्या. आरशावर ओल साचली होती. दांडा जमिनीवर पडलेला आणि ओसो जाऊन डावीकडच्या डब्याशी आडवा झाला. त्याने हनुवटी डब्यावर ठेवली आणि एक सुस्कारा सोडला. तशी हनुवटी तो फक्त सातुर्निनोच्या पायांवर ठेवत असे.

त्या रात्री ती जागीच पडून राहिली. सातुर्निनो आला, "सरक गं, म्हातारे" म्हणाला आणि आडवा झाला. गादी खचली नाही. इतक्या वर्षांचा तो खड्डा हळूहळू फुगून वर आला होता आणि तो त्यावर, धुतलेला कपडा टाकावा तसा, नुसता ठेवलेला होता. ओर्फेलिंदा आपल्या जागेवर राहिली. तिला एकटं वाटलं, आणि भीती वाटली, आणि या दोन्ही गोष्टी कोणाला सांगायच्या ते कळेना.

५

मग दांडा वाकला. सातुर्निनोने डबे काढून ठेवले. उजवीकडचा हाताने निघाला. डावीकडचा दांड्यावरून घरंगळून स्लॅबवर पडला आणि जिथे पडला तिथेच राहिला.

सातुर्निनो कामावर असताना ओर्फेलिंदाने एर्मोहेनेसला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून डबा उचलायचा प्रयत्न केला. एर्मोहेनेसने आयुष्यभर सिमेंटच्या गोण्या पाठीवर वाहिल्या होत्या. त्याच्या कपाळाची शीर फुगली आणि डबा जागचा हलला नाही.

"काय भरलंय यात, कोमाद्रे?"

"तुम्हीच भरलंत."

त्याने डबा पहारीने थोडा कलता केला, खाली वाकून पाहिलं, बोटाच्या पेराने वाजवलं. मग बोट नाकाशी नेलं आणि पटकन खाली घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही. ओल आहे."

"कोंपाद्रे, त्या दिवशीची बट कुठल्या घमेल्यात होती?"

एर्मोहेनेसने टोपी काढली, पुन्हा घातली. "शेवटच्या," तो म्हणाला. "शेवटच्याच घमेल्यात असते ती."

"आणि ते तुम्ही कुठे ओतलंत?"

"तू म्हणालीस तिथे." आणि मग घाईघाईने, "अगं, ते आपलं म्हाताऱ्यांचं खूळ! माझा बाप करायचा म्हणून मी करतो. स्लॅबमध्ये गेलं काय आणि डब्यात गेलं काय." पण हे म्हणताना तो जिन्याकडे सरकत होता.

"परत कसं घ्यायचं ते सांगा."

"परत कोणी मागितलंय का आजवर? घर सोडून जाऊ नये म्हणूनच तर..." त्याने पुढचं गिळलं, बोटांनी क्रूस केला आणि जिना उतरून गेला. बिअरसाठीही थांबला नाही.

संध्याकाळी तिने सातुर्निनोला सांगितलं, "आजपासून वर जायचं नाही."

"का? काटा बघ की माझा! अगं, मी जिना चढतो तेव्हा दम लागत नाही. पोरगा असताना असं वाटायचं."

"जाड्या, मी विनवते तुला."

"जाड्या काय म्हणतेस आता?" तो हसत म्हणाला. त्याने तिचा हात घेतला. हात ऊबदार होता, राकट होता, पूर्वीसारखाच होता. पण तो तिच्या हातावर टेकलेला तिला जाणवतच नव्हता.

६

त्याने वर जाणं सोडलं ते तिच्या विनवणीने नाही. पुढच्याच आठवड्यात तो भरदुपारी घरी आला, पांढराफटक. उतारावर, शाळेच्या फाट्याशी, त्याने ब्रेक दाबला होता.

"दाबला, पण दाबलाच जाईना," तो म्हणाला. "दोन्ही पायांनी उभा राहिलो ब्रेकवर. उभा राहिलो, म्हातारे. पेडल जागचं हललं नाही. कंडक्टरने उडी मारून पाय दिला तेव्हा थांबली गाडी."

ब्रेक तपासले गेले. ब्रेक ठीक होते. सातुर्निनोने चाव्या परत केल्या. आयुष्यभर गाडीभर माणसांचा जीव त्याने त्या एका पायाखाली सांभाळला होता, आणि आता तो खुर्चीत बसून त्या पायाकडे पाहत राहिला. त्याला रडू आलं. ओर्फेलिंदाने त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि तिलाही आलं.

डॉक्टरीणबाईंनी या खेपेला टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी काटा बदलला. मग दुसऱ्या खोलीतला आणला. मग म्हणाल्या की आमचे सगळेच काटे बिघडलेत, पुढच्या महिन्यात या. नजर त्यांनी वर केली नाही.

ओर्फेलिंदाने बाजारात जाणं बंद केलं. गच्चीचं दार लावून टाकलं. खिडक्याही लावल्या, कारण समुद्राकडचा वारा सुटला की सातुर्निनो टेबलाची कड धरून बसायचा. तिने त्याला साखर घालून, सायीसकट दूध, बटाटा, भात, काय काय खाऊ घातलं. तो सगळं मुकाट्याने खायचा. चेहरा गोल, पोट गोल. बघणाऱ्याला वाटावं, किती बरा आहे हा माणूस.

एका संध्याकाळी दोघं सूप पीत होते. वर धप्प झालं.

भांडी किणकिणली. ओर्फेलिंदाने चमचा खाली ठेवला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. आता थोडं थांबून पुन्हा होणार, हेही तिला माहीत होतं, आणि पुन्हा झाला. मधल्या वेळात कोणीतरी कण्हल्यासारखं वाटलं. पण कण्हणं वरून आलं नव्हतं, ते टेबलाच्या पलीकडून आलं होतं. सातुर्निनो सूपकडे पाहत बसला होता आणि प्रत्येक आवाजाच्या आधी त्याच्या तोंडून हुं निघत होता.

"तू का कण्हतोस?" तिने विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "मी कुठे?"

आणि वर ओसो आनंदाने भुंकायला लागला.

७

फोडून टाकायचा. दुसरं काय करणार? रविवारी सकाळी तिने एर्मोहेनेसचा अंगणात राहिलेला घण उचलला आणि जिना चढली. सातुर्निनो आत झोपला होता. अलीकडे तो दिवसाही झोपायचा. वाऱ्याने हलू नये म्हणून तिने त्याच्या अंगावर दोन लोकरी घोंगड्या टाकल्या होत्या.

धुकं दाराशी आलेलं होतं. डबा बाकाजवळ होता. ती शेवटची आली तेव्हा तो आरशाजवळ होता, की तिलाच तसं आठवत होतं? स्लॅबवर कुठे ओढल्याची रेघ नव्हती. ओसोने तिच्याकडे पाहून शेपूट हलवली आणि हनुवटी डब्यावरच ठेवली. तिने त्याला हाकललं.

डब्याचा पत्रा गंजून केव्हाच सोलला होता, आत नुसतं सिमेंट. तिने घण बेताने मारला, अंदाज घ्यायला. एक लहानसा टवका उडाला.

खालून सातुर्निनो ओरडला.

शब्द नव्हता, नुसता ओरडा. ओर्फेलिंदाने घण टाकून दिला आणि ती गुडघ्यांवर बसली. टवका उडाला तिथे तिने घाबरून तळवा ठेवला, लहान मुलाला लागल्यावर ठेवावा तसा. सिमेंट गार असायला हवं होतं, धुक्याने ओलं असायला हवं होतं. ते ऊबदार होतं. आणि तळव्याला काहीतरी टोचत होतं, बारीक, खरखरीत. तिने हात वरून खाली फिरवला तर गुळगुळीत लागलं. खालून वर फिरवला तर टोचलं.

रविवारी सातुर्निनो दाढी करत नसे. रविवारी त्याचा गाल असाच लागायचा.

तिने हात उचलला नाही. उचलायला हवा होता, पण त्या हाताखाली एवढं सगळं वजन होतं, इतक्या महिन्यांत तिला न मिळालेलं, भरीव, ओळखीचं. तिने डोळे मिटले. हाताखालचं ते काही हळूहळू वर आलं आणि हळूहळू खाली गेलं.

मग ती उठली आणि मागे न बघता जिना उतरली. गच्चीचं दार लावायचं ती विसरली.

८

सातुर्निनो जागा होता. मानेच्या मागे, जिथली बट कापली होती तिथे, चामडी सोललेली होती. रक्त आलं नव्हतं.

"थंडी वाजते," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"काही होत नाही. मी आहे ना."

तिने त्याला सूप भरवलं. भरवताना ती विचार करत होती आणि विचार तिला सरळ वाटत होता. धरून ठेव म्हटलं, म्हणून धरून ठेवलं. बोलून गेलेलं बोलून परत आणता येईल. एर्मोहेनेस म्हणाला होता की परत कोणी मागितलंच नाही. मग मागून बघायला काय हरकत आहे? जे वर गेलंय ते याचंच आहे. खाली आलं तर याच्यातच येईल, दुसरं कुठे जाईल?

ती अंगणात गेली. जिन्याच्या तळाशी उभी राहिली आणि नेहमी द्यायची तशीच हाक तिने दिली.

"खाली ये रे, जाड्या. जेवण गार होतंय."

वर काही हललं नाही. धुकं तेवढं जिन्यावरून खाली उतरत होतं. ती थोडा वेळ थांबली, मग स्वतःचीच लाज वाटून आत आली. म्हाताऱ्यांचं खूळ, दुसरं काय. तिने सातुर्निनोला भिंतीच्या बाजूला घेतलं, म्हणजे खिडकीची झुळूक त्याला लागणार नाही, आणि स्वतः त्याच्याकडे तोंड करून आडवी झाली. त्याचा हात दोन्ही हातांत धरला. दुपार होती, पण खोलीत संध्याकाळसारखा उजेड होता. गल्लीत कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. सातुर्निनोचे डोळे मिटत चालले होते.

वरची पायरी कुरकुरली.

ओसो असेल, तिला वाटलं. मग वरून दुसरी पायरी दबली आणि सगळा जिना एकदम आऽऽह करून थांबला. दम खाण्याइतका वेळ थांबला. मग मधली पायरी कण्हली.

ओर्फेलिंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि देवाशपथ, पहिल्यांदा ते आनंदाचं होतं. आला. परत आला. तिने हातातला हात घट्ट दाबला, आता भरेल, आता जड होईल म्हणून. हात तसाच होता. नुसता कापडासारखा.

अंगणातून दमदार पावलं आली. स्वयंपाकघरातली भांडी किणकिणली. पावलं दारातून आत आली आणि पलंगाशी, तिच्या पाठीमागे, थांबली. ओल्या सिमेंटचा वास आला आणि त्याखाली मानेच्या घामाचा, तिच्या ओळखीचा.

तिच्या पाठीमागे गादी खचली.

ती घरंगळायला लागली. तिने गादीची शिवण पकडली, पायाच्या बोटांनी चादर पकडली, पण इतक्या वर्षांची सवय अंगात होती आणि उतार नेहमीचाच होता. हातातला हात ओढला जाऊन निसटायला लागला. समोर सातुर्निनोने डोळे उघडले होते. तो तिच्याकडे पाहत नव्हता, तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता.

"सरक गं, म्हातारे," तिच्या कानामागे आवाज आला, भरदार, धापा टाकणारा.

आणि समोरून, ओठ जेमतेम हलवत, तिचा नवरा म्हणाला, "सरकू नकोस."